गोंगाटातला आइन्स्टाईन

मराठीच्या प्राध्यापकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाविषयी लिहावे हा आगाऊपणा आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गेल्या वर्षी महाविद्यालयातील पदार्थविज्ञान विभागाच्या व्याख्यानाला आम्ही दोघे केवळ शिष्टाचार म्हणून जाऊन बसलो, आणि तेथे पाहिलेले एक चित्र अद्याप डोळ्यांसमोरून हललेले नाही.

पार्श्वभूमी अशी. प्रथिनाचा रेणू इलेक्ट्रॉनांच्या झोतात धरला, तर तो झोतच त्याचा नाश करतो. म्हणून झोत मंद ठेवावा लागतो, आणि मग हाती येतो तो नुसता गोंगाट. त्यात रेणू असल्याची जेमतेम शंका यावी. योआखिम फ्रँक यांनी 1975 ते 1986 या काळात यावर जी गणिती वाट काढली, तिचे सार एवढेच, की एका चित्रावर विसंबू नये. एकाच रेणूची हजारो चित्रे घ्यावीत, एकाच बाजूने दिसणारी निवडून, फिरवून-सरकवून एकमेकांवर बसवावीत आणि सरासरी काढावी. गोंगाट प्रत्येक चित्रात निराळा, म्हणून तो विरतो. रेणू सर्वांत तोच, म्हणून तो उरतो. दहा हजार चित्रे घेतली, तर गोंगाट शंभर पटींनी ओसरतो. या क्षेत्रातील कार्यासाठी फ्रँक, जाक द्युबोशे आणि रिचर्ड हेंडरसन यांना 2017 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अनेक सदोष पोथ्या ताडून मूळ पाठ शोधण्याची रीत शिकवणाऱ्या आम्हांला हे सारे ओळखीचेच वाटले.

मात्र चित्रे एकमेकांवर बसवताना संगणकाला बहुधा आरंभी एक नमुना द्यावा लागतो. धोका तेथेच आहे. 2013 मध्ये हेंडरसन यांनी एका लेखात तो दाखवून दिला. ज्यांत काहीच नाही अशी निव्वळ गोंगाटाची एक हजार चित्रे, आणि नमुना म्हणून आइन्स्टाईनचे छायाचित्र. प्रत्येक चित्र त्या छायाचित्राशी जास्तीत जास्त जुळेल असे सरकवले, सरासरी काढली, आणि आइन्स्टाईन उमटला!

यावरचा उतारा असा, की चित्रांचे आरंभीच दोन भाग करायचे, दोहोंतून स्वतंत्रपणे रचना काढायची आणि शेवटी ताडून पाहायचे. जेवढे जुळेल तेवढ्यावरच विश्वास ठेवायचा. मात्र वाटेत एका भागाने दुसऱ्याकडे पाहता कामा नये. आणि दोहोंना एकच रेखीव नमुना दिला, तर ते जुळणेही फसवे.

व्याख्यान संपले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी आजीकडून आणि वाडीतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. आम्हांला ओवीओवीत बंड दिसत होते. तिने एका प्रकरणात लिहिले होते, की यांतल्या पुष्कळ ओव्यांत बंड नाही, थकवा आहे. ते आम्ही काढायला लावले. “आजी तसं म्हणत नाही हो, मॅडम. तिला नुसती भावाची वाट बघायची असते,” असे ती एकदाच म्हणाली. आम्ही दोघांनी शेजारी बसून त्या ओव्या पुन्हा वाचल्या, आमचे एकमत झाले, आणि त्या एकमतालाच आम्ही पुरावा मानले. ज्या पुस्तकांवर आम्ही वाढलो ती एकच होती, हे तेव्हा सुचले नाही. तिला गुण उत्तम मिळाले. पुढे शिकायला मात्र ती आली नाही.

त्या प्रकरणाची हस्तलिखित प्रत आमच्या कपाटात राहिली होती. या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ती आळीपाळीने, एकमेकांशी न बोलता वाचली आणि वेगवेगळ्या कागदांवर टिपणे केली. ताडून पाहिली, तर चाळीस ओव्यांपैकी जेमतेम सहा ओव्यांत आम्हां दोघांना बंड दिसले होते. त्या सहा ओव्यांविषयी तिनेही तेच लिहिले होते.

तिला पत्र लिहायला घेतले आहे. या वेळी मजकूर मात्र दोघांनी वेगवेगळा लिहायचा ठरवला आहे.