शब्दाला जागणे

नाताळपूर्वीचे चार रविवार आमच्या मंडळीत आगमनकाळ म्हणून पाळले जातात. त्या दिवसांतल्या उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दाखला हमखास वाचला जातो. वराला यायला उशीर होतो. पाच जणींनी दिव्याबरोबर तेलही आणलेले असते, पाच जणींनी नसते. आणि शेवटी दार लागते. त्यावरचा पाळकसाहेबांचा बोधही ठरलेला: जागृत राहा. लहानपणापासून तो आम्ही निर्धास्तपणे ऐकत आलो. आई गेल्यानंतर मात्र तो कानी पडला की मान खाली जाऊ लागली.

आम्ही दोघे पतिपत्नी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई, पण हाक दोघांचीही तीच. शेवटच्या आजारात त्यांनी एकच मागणे मागितले होते: रात्रीचा शास्त्रपाठ चुकवू नका आणि मला एकटी ठेवू नका. आम्ही शब्द दिला. अकरा रात्री पाळीपाळीने जागलो. बाराव्या रात्री पाठ वाचून झाला, आईंनी डोळे मिटले, आणि दोन खुर्च्यांवर आम्हां दोघांनाही झोप लागली. पहाटे जाग आली तेव्हा आई गेलेल्या होत्या. उशाशी त्यांचा चष्मा आणि उघडे बायबल तसेच होते.

त्या झोपेचे ओझे आम्ही बरीच वर्षे वाहिले. ते थोडे हलके झाले ते तोच दाखला वर्गातला उतारा वाचावा तसा शब्दशः वाचल्यावर. इतकी वर्षे आमच्या नजरेतून निसटलेली गोष्ट अशी की, त्या रात्री दहाही जणी झोपल्या होत्या! शहाण्याही पेंगल्या, मूर्खही पेंगल्या. फरक झोपेत नव्हता, तेलात होता. गेथशेमाने बागेत प्रभूचे शिष्यही झोपी गेलेच. आणि पुढे सुवार्तेचे काम त्यांच्याच हाती आले. मग जागृत राहणे म्हणजे काय?

उत्तर आम्हांला आमच्याच भाषेने दिले. मराठीत 'जागणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. रात्र जागणे वेगळे, आणि दिल्या शब्दाला जागणे, खाल्ल्या मिठाला जागणे वेगळे. जागरूकता आणि निष्ठा या दोन गोष्टींना मराठीने एकच क्रियापद दिले. गावाची रात्रीची राखण करणाऱ्या जागल्याकडे पाहिले की हे दोन अर्थ एकत्र कसे आले असतील याचा अंदाज येतो. तो डोळ्यांनी जागतो, पण ज्याच्या जोरावर गाव निश्चिंत झोपते ते त्याचे इमान.

हे कळल्यावर एक दुसरीच आठवण डोके वर काढू लागली. एका वर्षी आमच्या महाविद्यालयात तपासणी व्हायची होती. न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते एका दुपारी लिहिली गेली आणि वही सह्यांसाठी फिरली. सगळ्यांनी केल्या, आम्हीही केल्या. अर्ध्या मिनिटाचे काम. वर चहा झाला. त्या दुपारी आम्ही टक्क जागे होतो. आणि ज्या ओठांनी दर रविवारी सत्याची उपासना करतो, त्या ओठांना वहीपुढे एक शब्दही फुटला नाही. आईंच्या उशाशी आम्ही झोपलो, पण शब्द मोडला नव्हता. पाठ वाचला होता, जवळच होतो. वहीपुढे जागे होतो, पण जागलो नाही. इतकी वर्षे आम्ही पश्चात्ताप करीत होतो तो चुकीच्या रात्रीचा!

असे तेल एका दिवसात साठत नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आम्ही वर्गात नेहमी देतो. संस्कृतची एवढी मोठी विदुषी. पण साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्तिसदनातील शेकडो मुली-बायांचा संसार सांभाळत वर्षानुवर्षे हे भाषांतर चालले. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी हातातले काम सुटले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल छापून आले 1924 मध्ये. कालिदासाची भाषा अवगत असलेल्या या बाईने रोज एकेका ओळीतला जड शब्द बाजूला ठेवून साधा शब्द निवडला असेल. तो निवडताना पाहायला कोण होते? आम्हांला वाटते, तेल भरणे ते हेच.

आमचे तेल त्यामानाने पळीभर. रात्रीचा पाठ मध्यंतरी बंद पडला होता. कधी उत्तरपत्रिका, कधी पाहुणे, कधी नुसताच कंटाळा. तो पुन्हा सुरू केला आहे. वाचताना कधीकधी एकाचा डोळा लागतो. दुसरा ओळ पुरी करतो. पुढच्या तपासणीच्या वेळी वही पुन्हा आमच्या टेबलावर आली. आम्ही दोघांनी आपापली जागा कोरी ठेवली. कोणी काही बोलले नाही. चहा मात्र त्या दिवशी आम्ही दोघांनीच घेतला.

रात्री पाठ झाल्यावर बायबल मिटले. आईंचा चष्मा अजून त्याच पानात खुणेसाठी असतो. दिवा मालवला आणि झोपलो. शांत झोप लागली.