पळणारा गुरू

7 डिसेंबर 2024, शनिवार. गुरू त्या दिवशी बरोब्बर प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या समोर होता. माझी पाच इंची दुर्बीण आणि तिचं नवंकोरं गो-टू माउंट घेऊन मी सातारला घरी गेलो होतो. बाबांना गुरू दाखवायचा होता. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते.

तर झालं असं की, गुरू सापडायचा पण थांबायचा नाही. मी "या बाबा" म्हणायचो, ते गुडघा सांभाळत स्टुलावर बसायचे, आयपीसला डोळा लावायचे, तोवर गुरू पसार! तीनदा असं झाल्यावर ते हळूच म्हणाले, "राहू दे रे. माझ्या डोळ्यातच काहीतरी राहिलंय." आणि खाली निघून गेले.

हे मात्र लागलं.

मग सुरू झालं डिबगिंग. आठही पेन्सिल सेल बदलले. ट्रायपॉड परत लेव्हल केला. क्लच आवळले. फरक शून्य. शेवटी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. आकाश तासाला साधारण 15 अंश सरकतं आणि 120 पटीला माझ्या आयपीसमध्ये जेमतेम 25 कला, म्हणजे अर्ध्या अंशाहूनही कमी आकाश मावतं. ट्रॅकिंग बंद ठेवलं तर गुरूला मधून कडेला जायला 54 सेकंद लागले. हिशोब बरोबर. ट्रॅकिंग चालू केलं तर 40 सेकंद!

म्हणजे मोटर बंद असताना गुरू जास्त वेळ थांबत होता. मोटर कमजोर नव्हतीच, ती भलतीकडे पळत होती.

या माउंटला दोन मोटर असतात, एक आडवी फिरवणारी, एक उभी. कुठली किती पळवायची हे ते ठिकाण, वेळ आणि तारखेवरून काढतं. तारीख! कंट्रोलरवर बघितलं तर 07/12/24. हा बाबा अमेरिकन पद्धतीने आधी महिना मागतो. म्हणजे त्याच्या लेखी 12 जुलै चालू होता. आज 13 तारीख असती तर तेरावा महिना त्याने घेतलाच नसता. 7 आरामात चालून गेली.

खरं तर पुरावा संध्याकाळीच मिळाला होता. अलाइनमेंटसाठी अभिजित निवडला तर दुर्बीण ईशान्येला वळली. अभिजित होता वायव्येला, मावळतीकडे झुकलेला. जुलैच्या संध्याकाळी तो ईशान्येलाच असतो की! पण मी "पहिल्यांदा होत असेल असं" म्हणत बाण दाबून दुर्बीण फिरवली आणि ओके केलं. ऑफिसात ज्युनियरने एरर मेसेज असा उडवून लावला असता तर मी त्याला लेक्चर दिलं असतं.

माझ्या चुकीचं खापर मी सेलवर फोडलं आणि बाबांनी स्वतःच्या डोळ्यावर.

तारीख बदलली, रोहिणी घेऊन परत अलाइन केलं. गुरू मधोमध, जागचा हलेना. खाली जाऊन बाबांना म्हटलं, "डोळा नाही, तारीख चुकली होती. चला."

ते बसले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

"दोन पट्टे दिसतायत. आणि बाजूला बारीक ठिपके आहेत."

"ते त्याचे चंद्र, बाबा."

"असं होय. मला वाटलं, हेही डोळ्याचंच."