पाचपट चाकू

मागच्या महिन्यात पुण्याहून मित्राच्या धाकट्या भावाचा मेसेज आला. 'दादा, ट्रेकसाठी मोरा घ्यायचाय. कंपॅनियन घेऊ की गारबर्ग? गारबर्ग पाचपट महाग आहे. एवढे पैसे घालण्यासारखा आहे का?' खाली दोन फोटो. एकात हिरव्या प्लॅस्टिकच्या मुठीचा साधा चाकू, दुसऱ्यात काळ्या मुठीचा, जरा रुबाबदार.

उत्तर एका ओळीचं होतं. ते पाठवायला मला आठ दिवस लागले.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्वीडनच्या दालार्ना भागात सिल्यान नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या काठावर मोरा हे गाव. मी राहतो त्या उप्सालाहून आगगाडीने तीन-साडेतीन तास. गावाला लागून ओस्तनोर नावाची वाडी आहे. तिथे 1891 मध्ये फ्रोस्त-एरिक एर्सन नावाच्या माणसाने अमेरिकेतून परत येऊन लाकडाच्या घसरगाड्या बनवायचा कारखाना काढला. त्याला लागणारी हत्यारं आणि चाकू तिथेच बनायला लागले आणि मग चाकूच मुख्य धंदा झाला. आजचं 'मोराक्निव' म्हणजे तेच घराणं. 'क्निव' म्हणजे चाकू. दालार्नाचे ते लाल रंगाचे लाकडी घोडे तुम्ही फोटोत पाहिले असतील, ते याच टापूतले. हातात चाकू आणि समोर लाकूड, बाहेर सहा महिने बर्फ. दुसरं करणार काय?

या कंपनीचं नाव झालं ते स्वस्ताईमुळे. इथे इलेक्ट्रिशियन, रंगारी, सुतार सगळ्यांच्या कमरेला प्लॅस्टिकच्या म्यानात मोरा लटकत असतो. (कामासाठी असेल तरच हं. 1988 च्या कायद्यानुसार उगाच चाकू घेऊन रस्त्यावर फिरता येत नाही.) रंगाचा डबा उघडायला, दोरी कापायला, सँडविचला लोणी लावायला, सगळ्याला तोच. हरवला तर कुणी हळहळत नाही. आणि मग 2016 मध्ये याच कंपनीने गारबर्ग काढला. स्वीडिश माणूस शेवटच्या 'ग'चा जवळजवळ 'य' करतो, पण आपण गारबर्गच म्हणू.

मी इथे आलो 2017 मध्ये. पहिल्या हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडायला लागला तेव्हा ऑफिसमधल्या एकीने सुचवलं म्हणून लाकडी चमचे कोरायच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. इथे शाळेत 'स्लॉयड' नावाचा सक्तीचा विषय असतो. मुलं लाकूड, धातू, कापड यांचं काम शिकतात. त्यामुळे वर्गातल्या बाकीच्यांना हात होता. मला नव्हता. सुताराचा मुलगा असून नव्हता, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी हातात कंपॅनियन दिला. पावणेदोनशे क्रोनर. त्याच्यावर मी दोन हिवाळे काढले.

आता दोघांत फरक काय ते सांगतो, कारण यूट्यूबवर यावर तासतासभर बोलणारे लोक आहेत आणि त्यातलं निम्मं ऐकायची गरज नाही. कंपॅनियनचं पातं अडीच मिलिमीटर जाड, गारबर्गचं 3.2. लांबीत फारसा फरक नाही, बोटाच्या पेरापेक्षाही कमी. दोन्हींची धार एकाच पद्धतीची. पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रुंद सपाट उतार, तो थेट धारेपर्यंत. धार लावायची तर तो उतार दगडावर सपाट टेकवायचा आणि घासायचा. कोन मोजायला नको की कसलं जिग नको. ज्याने आयुष्यात पटाशीला धार लावली आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. पटाशीला उतार एकीकडून, याला दोन्हीकडून, एवढंच.

खरा फरक मुठीच्या आत आहे, जिथे आपल्याला दिसत नाही. कंपॅनियनच्या पात्याची शेपटी अरुंद होऊन मुठीत शिरते आणि शेवटापर्यंत न जाता मध्येच थांबते. गारबर्गचं पोलाद अख्ख्या मुठीतून आरपार जातं आणि मागून बाहेर डोकावतं. मागच्या टोकावर हातोडी मारली तरी चालते. हे कशासाठी? तर जंगलात चाकू लाकडाच्या ओंडक्यावर ठेवायचा, वरून दुसऱ्या लाकडाने त्याच्या पाठीवर ठोकायचं आणि ओंडका फाडायचा. या प्रकाराला इंग्रजीत 'बॅटनिंग' म्हणतात. त्या पाचपट किमतीतला मोठा हिस्सा या ठोकण्याचा आहे. चाकू ठोकला तर मूठ निसटू नये, एवढ्याचा.

मूठ निसटणे. याच दोन शब्दांपाशी मी अडलो.

1999 मध्ये मी बारा वर्षांचा होतो. आमचं गाव कराडपासून एसटीने पाऊण तास. आप्पा तेव्हा चौकटी, पाट, देव्हारे करायचे. देव्हाऱ्यांवरचं नक्षीकाम बघायला लोक थांबायचे. त्यांची अर्ध्या इंचाची पटाशी झिजून झिजून बोटाएवढी उरली होती. त्यांनी मला शंभराची नोट दिली आणि कराडच्या दुकानातून कुठली आणायची ते सांगितलं. 'मुठीला दोन्हीकडनं लोखंडी कडी असत्यात, तीच आण. पंच्याऐंशीला देईल.' दुकानात तीही होती आणि शेजारी तशीच दिसणारी, बिनकड्यांची, चाळीसची पण होती. मी चाळीसची घेतली. वरच्या पंचेचाळीस रुपयांत टेनिसचा बॉल आला, बसस्टँडवर दोन वडापाव झाले आणि उरलेले पैसे दप्तरात खाली पुठ्ठ्याच्या आत गेले.

चौथ्या दिवशी आप्पा सागवानाला खोबण पाडत होते. मोगरीच्या एका घावात पटाशीची मूठ उभी चिरली, पातं वाकडं सरकलं आणि डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसलं. सरकारी दवाखान्यात टाके पडले. जखम भरली. अंगठा पुन्हा वाकला नाही.

डावा अंगठा सुताराला कशाला लागतो, असं वाटेल. काम धरायला लागतो. बारीक तुकडा डाव्या हाताने धरून उजव्याने कोरायचा असतो. देव्हारे बंद झाले. वर्षभरात आप्पा सेंट्रिंगच्या कामांना जायला लागले. फळ्या ठोका, स्लॅब पडला की फळ्या काढा. त्यावर माझं इंजिनिअरिंग झालं. घरात त्या पटाशीबद्दल पुन्हा कधी बोलणं निघालं नाही, आणि मी तर काढणारच नव्हतो.

तर 2018 च्या डिसेंबरात, पहिला बोनस आला त्या संध्याकाळी, मी गारबर्ग घेतला. जवळपास नऊशे क्रोनर. दुकानातल्या पोराने विचारलं, कॅम्पिंगला का? मी हो म्हणालो. माझ्याकडे तंबूसुद्धा नव्हता.

घरी आणून महिनाभर वापरला आणि आता प्रामाणिकपणे सांगायला हवं. चमचा कोरायला तो कंपॅनियनपेक्षा वाईट आहे. जाड पातं लाकडात वळत नाही. चमच्याच्या मानेपाशी जिथे आत वळायचं असतं तिथे ते पुढे ढकलत राहतं आणि रेषा फाटते. स्वयंपाकात तर विचारूच नका. गाजर कापायला गेलो तर ते कापलं जायच्या ऐवजी तडकतं, पाचरीने फोडल्यासारखं. (आपली विळी या बाबतीत किती शहाणी आहे. पातं जागेवर, भाजी फिरते. इथे हे कुणाला पटवायला गेलो की लोक विळीचा फोटो बघून दचकतात.) गंज मात्र धरत नाही. पोलाद चांगलं आहे, 14सी28एन नावाचं. पाठीची कड काटकोनात घासलेली आहे, तिच्यावर चकमकीची कांडी ओढली की ठिणग्या पडतात. साध्या कंपॅनियनच्या पाठीने ते नीट होत नाही. मूठ हातात भरून येते, आणि हे सगळं खरं आहे. पण यातलं एकही मला रोज लागत नव्हतं.

आणि ठोकण्याचं म्हणाल, तर अरुंद शेपटीचा तो स्वस्त कंपॅनियन मी दोन हिवाळे मनगटाएवढ्या बर्चवर ठोकलाय. काही झालं नाही. होणारच नाही असं मी म्हणत नाही. प्रत्येक ठोक्याला माझा डावा हात आपोआप मागे जायचा, एवढं सांगतो.

2019 च्या जूनमध्ये आई-आप्पा आले. आई तिसऱ्या दिवशी कंटाळली. आप्पा मात्र खूश होते, कारण इथे जिकडे बघावं तिकडे लाकूड. घरं लाकडाची, कुंपणं लाकडाची. भिंतींचे सांधे हाताने चाचपत फिरायचे. मालक खिडकीतून बघायचे, मी लांबूनच हसून हात करायचो.

एका रविवारी तळ्याकाठी गेलो. तिथे सरपण रचून ठेवलेलं असतं, कुणीही विस्तव करावा. मी मुद्दाम गारबर्ग काढला, ओंडक्यावर ठेवला आणि दुसऱ्या लाकडाने ठोकून चार फाका करून दाखवल्या. आप्पांनी बघितलं. मग चाकू मागून घेतला, मुठीच्या मागून डोकावणाऱ्या पोलादावर नख घासलं.

'आरपार हाय,' म्हणाले.

'हो. निसटत नाही.'

'चांगला हाय. पर चाकूला ठोकायचं कशापायी? हितं कुऱ्हाड न्हाई व्हय कुनाकडं?'

सरपणाच्या शेडला साखळीने बांधलेली कुऱ्हाड होती. पाच पावलांवर.

त्या रात्री अकरा वाजले तरी उजेड होता. आप्पा बाल्कनीत बसून माझ्या कंपॅनियनला धार लावत होते. दगडावर उतार टेकवायचा हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. डावा अंगठा ताठ बाजूला ठेवून बाकीच्या चार बोटांनी त्यांनी पातं दाबून धरलं होतं. मी वीस वर्षांत पहिल्यांदा तो अंगठा नीट बघितला आणि मग सगळं सांगून टाकलं. दुकान, कडी, चाळीस रुपये, सगळं.

त्यांचा हात थांबला नाही.

'किती ऱ्हायलं हुतं मग?'

'पंचेचाळीस. तिकीट सोडून.'

'काय केलंस?'

'बॉल घेतला. वडापाव खाल्ले.'

'मला ठाव हुतं,' ते म्हणाले. 'पटाशी हातात घेतली की कळतंय. कडी न्हाईत हे काय आंधळ्याला बी कळंल.'

'मग परत का नाही पाठवलीत?'

'चौकट द्यायची हुती. गिऱ्हाईक दारात हुतं. आन् ती पटाशी तासायला बरी हुती, ठोकायला न्हवती. मी ठोकली.' मग पातं उजेडात तिरकं धरून म्हणाले, 'ह्याला पानी चांगलं दिलंय.'

ते खरं सांगत होते की मला मोकळं करत होते, हे मला आजही कळलेलं नाही. त्यांनी माझं नाव कुणाकडे घेतलं नाही हे तर खरंच. पण त्यांना माहीत होतं आणि चार दिवस त्यांनी तीच पटाशी वापरली, हे ऐकून मला बरं वाटायच्या ऐवजी थोडा रागच आला. मी वीस वर्षं वाहिलेलं ओझं त्यांच्याकडेही होतं. आणि त्यांनी ते केव्हाच खाली ठेवलं होतं, मला न सांगता.

जाताना मी गारबर्ग त्यांच्या बॅगेत घालायला लागलो. त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला आणि कंपॅनियन मागितला. चेक-इनच्या बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळून तो गावी गेला. आई सांगते, त्याने ते आता फणस फोडतात. फणसाला ठोकतात का, हे मी विचारलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला होता, एका हातभर देव्हाऱ्याचा. नक्षी जाडीभरडी आहे. तुकडा धरायला त्यांनी फळीवर खुंट्या ठोकून एक युक्ती केली आहे, तिचाही फोटो होता, आणि तो देव्हाऱ्यापेक्षा जास्त जवळून काढलेला होता.

मी नवा कंपॅनियन आणला. गारबर्ग सरपणाच्या दिवसांत बाहेर निघतो, एरवी खणात असतो.

त्या मुलाला अखेर उत्तर पाठवलं. बर्फात, घरापासून दोन दिवस लांब, एकच हत्यार घेऊन जाणार असशील तर गारबर्ग घे. त्या कामासाठी तो पैसे वसूल करतो. पण तू राजगडाला जाणार, कांदे-टोमॅटो चिरणार, फार तर दोरी कापणार. झाडाला हात लावलास तर वनखात्याचा माणूस येईल. कंपॅनियन घे. लगेच धारेचा एक दगडही घे, तो जास्त महत्त्वाचा आहे.

मग खाली आणखी एक ओळ टाकली: आणि जे पैसे उरतील त्याचं काय करणार आहेस, ते मला कळव.