शिबिर हिवाळ्यात, साप पावसाळ्यात

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच कॉलेजांतून फोन सुरू होतात. ‘मॅडम, आमच्या पोरांना जरा प्रथमोपचार सांगाल काय?’ राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर आमच्या कोल्हापूर भागात बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतं. मी भूलतज्ज्ञ; दुसऱ्याचा श्वास चालू ठेवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे आम्ही चार-पाच डॉक्टर, परिचारिका सवड काढून, सीपीआरचा पुतळा गाडीत टाकून निघतो.

पुतळ्याभोवती पहिली गर्दी तालमीतल्या पोरांची. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, असं सांगून झालं की एखादा गडी बाह्या सरसावून बसतो. कोपरं वाकवून नुसत्या दंडाच्या जोरावर दाबतो आणि मिनिटाभरात त्याला धाप लागते. मग एखादी काटकुळी मुलगी येते. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर, कमरेतून सगळं वजन खाली. तिचा दाब नेमका खोल जातो, दर वेळी छाती पुरती वर येऊ देते आणि मोजणीही चुकत नाही. ‘मॅडम, बरगडी मोडली तर?’ हा प्रश्न ठरलेला. मोडू दे की! बरगडी जुळते.

पण छाती दाबण्याचंच वेड लागलं की दुसरी पंचाईत होते. मोठा माणूस उभ्या उभ्या कोसळला तर नुसते दाब देत १०८ रुग्णवाहिकेची वाट बघणं ठीक. बुडालेल्या माणसाचं तसं नाही. त्याचं हृदय हवेवाचून थांबलेलं असतं, म्हणून त्याला आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग दाब. पोट दाबून पाणी काढणं, पाय धरून उलटं टांगणं यात मोलाची मिनिटं जातात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१चे महापूर सगळ्यांनी पाहिलेत. ‘आधी श्वास’ एवढं मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

माझा खरा वेळ जातो तो सापावर. घोणस चावली की चावलेली जागा सुजते, दुखते, त्यामुळे माणूस निदान धावपळ तरी करतो. मण्यार फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखणं जवळजवळ नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, झोप आली असेल, पडू द्या. ऑपरेशनच्या वेळी आम्ही औषधाने स्नायू सैल करतो आणि श्वास यंत्राने देतो. मण्यारीचं विषही स्नायू असेच लुळे करतं, फक्त उशाशी श्वास द्यायला कोणी नसतं. असा रुग्ण श्वास चालू ठेवून दवाखान्यात पोचला तर बहुतेक वेळा उठून घरी जातो. म्हणून आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे वळायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि निघायचं. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक खेड्यातले.

आता गोम इथेच आहे. शिबिर हिवाळ्यात आणि साप, पूर, बुडणं हे सगळं पावसाळ्यात. थंडीत कोयता लागलेला ऊसतोड मजूर भेटतो, जखमेत हळद किंवा तंबाखू कोंबलेला. तिथे स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरायला पोरं लगेच शिकतात. पण जुलैच्या रात्री भाताच्या बांधावर कोणाला साप चावला तर हे स्वयंसेवक कोल्हापुरात वसतिगृहात झोपलेले असणार. मग प्रमाणपत्रावर ‘प्रशिक्षित’ लिहून गावाला काय मिळालं?

याचं उत्तर जुनंच आहे. मिशन हॉस्पिटलांची परंपरा आमच्या शेजारची. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४मध्ये रुग्णालय काढलं आणि लवकरच तिथल्याच तरुणांना शिकवायला घेतलं. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून तर अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. कारण सरळ होतं, त्या बायका गावातच राहणार होत्या.

म्हणून आम्ही आता वेळापत्रक उलटं केलंय. आम्ही फक्त पहिले दोन दिवस शिकवतो. नंतर पोरांनी आशाताई, अंगणवाडी सेविका, दूध संस्थेचे सचिव, वडाप जीपचे ड्रायव्हर यांना शिकवायचं आणि आम्ही मागे बसून ऐकायचं. भाषण सुरू झालं की थांबवतो. पुतळा समोरच्या माणसाच्या हाताखाली गेलाच पाहिजे. आशाताई पोरांपेक्षा अवघड प्रश्न विचारतात, ते बरंच. इंजेक्शन शिकवा म्हणणारे पालक, प्राध्यापक दर वर्षी भेटतात. त्यांना मी साफ नाही म्हणते. त्याऐवजी पोरांना एक काम लावते: सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या केंद्रात आहे, रात्री तिथे कोण असतं आणि ओढ्याला पाणी आलं तर कोणत्या वाटेने जायचं, हे स्वतः जाऊन विचारून शाळेच्या भिंतीवर रंगवायचं. यंदा एका गावात त्यावरून सरपंच आणि पोरांची जुंपली. पोरांनी रात्रीच्या रकान्यात ‘डॉक्टर नाहीत’ असं लिहिलं होतं. सरपंच म्हणाले, पुसा. पोरं म्हणाली, डॉक्टर आले की पुसतो.