साठ की आठ?

घराच्या छताकडे सहसा कुणी पाहत नाही. भिंतींच्या रंगावरून नवराबायकोत आठ आठ दिवस अबोला राहतो. छताला मात्र कुणाला न विचारता पांढरा रंग लागतो. पुण्यात आम्ही जुनी सदनिका विकत घेतली, तेव्हा छताकडे पाहण्याची पाळी आमच्यावर आली. आधीच्या मालकांनी दिवाणखान्याच्या प्लास्टरच्या छतात चार स्पीकर बसवून घेतले होते. स्पीकर शाबूत होते. त्यांच्यावरची जाळीची झाकणे तेवढी नाहीशी झाली होती. चार काळी बुबुळे रात्रंदिवस खाली रोखलेली! त्यांतल्या एकाच्या कडेला एका पालीने बिऱ्हाडच केले होते.

"अहो, पाहुण्यांना वाटतं, आपण त्यांच्यावर पाळत ठेवतो," असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे पडले.

मी तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने पहिल्यांदा माप विचारले. स्पीकरचे माप साडेसहा इंच असे छापलेले होते. परंतु ते आतल्या शंकूचे. झाकण बसते ते बाहेरच्या कड्यात, आणि तिथे टेप लावली तर २२९ मिलिमीटर भरले. म्हणजे जवळजवळ नऊ इंच! "साहेब, हा माल केव्हाच बंद झाला. नवे स्पीकर देऊ?" दुकानदार म्हणाला. चांगला आवाज देणारी वस्तू केवळ टोपी हरवली म्हणून टाकून देणे माझ्या जिवावर आले.

घरी सौभाग्यवतींनी आपली युक्ती काढली. भरतकामाच्या चार गोल रिंगा आणल्या, त्यांवर खणाचे कापड ताणले आणि छताला लावले. काय शोभा आली म्हणून सांगू! शेजारच्या वहिनी मुद्दाम पाहून गेल्या.

फक्त नाना काही बोलले नाहीत. नाना म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी, सारी नोकरी पाटबंधारे खात्यात. सकाळच्या बातम्या दिवाणावर पडून ऐकायच्या आणि धरणात पाणी किती हे पंचांगाच्या कडेला टिपून ठेवायचे, हा त्यांचा नित्यनेम. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"साठ टक्के म्हणाला की आठ?"

"साठ, नाना!" मी ओरडून सांगितले.

"ओरडू नकोस रे. नीट सांग."

त्या एका वाक्यात सारे शास्त्र होते. वय झाले की कान वरच्या पट्टीचे आवाज आधी गमावतात. 'आ'चे बळ खालच्या पट्टीत असते, तो पोचतो. 'स'ची सळसळ चार हजार हर्ट्झच्याही वर असते, ती वाटेतच विरते. आपण ओरडतो तेव्हा स्वर तेवढे फुगतात, व्यंजने फारशी वाढत नाहीत. म्हणून ऐकणाऱ्याच्या पदरी गोंगाट पडतो, शब्द पडत नाही. आणि आमचा घट्ट विणीचा खण तोच उरलासुरला 'स' अडवून बसला होता. जुन्या रेडिओवरचे सोनेरी धाग्यांचे कापड विरळ विणीचे असे, ते उगीच नव्हे. कापड तोंडाशी धरून फुंकावे. फुंकर अलगद पार गेली तरच ते स्पीकरच्या कामाचे. खणातून माझी फुंकर परत आली.

सौभाग्यवतींनी काही न बोलता खण उतरवला. मग मी बोहरी आळीतून भोकांचा पातळ लोखंडी पत्रा आणला. नानांनी पट्टी मागितली, चष्मा पुसला. भोक ३ मिलिमीटरचे, दोन भोकांच्या मध्यांतले अंतर ४, रांगा तिरप्या. पंचांगाच्या कडेला त्यांनी हिशेब मांडला: "एक्कावन्न टक्के मोकळं. चालेल." धरणावर सही करावी तशा थाटात त्यांनी तो पत्रा मंजूर केला.

पुढचे काम सोपे होते. पत्र्याची गोल चकती कापून कड घासली. ती थरथरून खडखडू नये म्हणून मागे फेल्टची पट्टी चिकटवली. ब्रशने भोके बुजतात, म्हणून अंगणात नेऊन फवाऱ्याने तीन पातळ हात दिले. कड्यात लहान लोहचुंबक बसवले. आणि खाली म्हातारा माणूस निजतो, तेव्हा नुसत्या चुंबकावर भरवसा न ठेवता प्रत्येक चकतीला तारेचा एक वेढाही दिला. पालीला बिऱ्हाड हलवावे लागले. खणाच्या रिंगा आता भिंतीवर आहेत आणि तिथेच त्या अधिक खुलतात.

नाना पुन्हा टाचण करू लागले आहेत. सगळेच आकडे त्यांना कळतात असे नाही. एखादा राहतो, मग ते माझ्याकडे पाहतात. पूर्वी मी आतल्या खोलीतूनच ओरडत असे. आता त्यांच्यासमोर जाऊन बसतो आणि सावकाश सांगतो. वयाने कानांवर घातलेले झाकण काही कुणाला काढता येत नाही. पण त्यावर आपले आणखी एक घालू नये, एवढे तर घरच्या माणसांच्या हाती असतेच.