उकरायची ओळ

दसऱ्याला घट उठले की त्यातलं पिवळं, लांबडं धान कानाला खोचून नातवंडं परसात येतात. बी रुजतं कसं हे त्यांना तोवर ठाऊक झालेलं असतं. वाफे करायला हीच वेळ बरी. पाऊस सरलेला असतो आणि ऊन चटके देऊ लागलेलं असतं.

मुरुडात आमच्या आगराची जमीन पुळणीची. पावसात उंच वाफे लागतात. आता सखल, बांध घातलेले, नाहीतर पाणी थांबतच नाही. शेणखत मिसळायचं काम मुलं आनंदानं करतात. त्यांच्या आया तेवढ्या आनंदानं बघत नाहीत.

बी मात्र हात बघून द्यावं. माठाचं बी इतकं बारीक, की लहान मुठीतून सगळं एकाच जागी सांडतं. ते कोरड्या वाळूत कालवून द्यायचं. वाळूला इथे तोटा नाही. वरून राख भुरभुरली की मुंग्या बी नेत नाहीत. धाकट्यांना वाल आणि चवळी. बोटाच्या पहिल्या पेराएवढं भोक, त्यात एक दाणा. चवळी ‘कोकण सदाबहार’, वर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची. पण शेंगेला दीड-दोन महिने लागतात, म्हणून शेजारी मुळा हवाच. तो तीन-चार दिवसांत वर येतो. कोथिंबीर मी एकटीच लावते. धणे रगडून पेरले तरी आठवडा उलटतो, आणि तेवढा दम पाच वर्षांच्या माणसाला नसतो.

“आजी, अजून का नाही आला?” म्हणत मुलं उकरतातच. म्हणून कडेची वालाची एक ओळ उकरायचीच ठेवते. रोज सकाळी खुशाल काढून बघावं. वर काही दिसण्याआधी खाली मूळ सुटलेलं असतं, हे सांगून कळत नाही. कुणी दाणा उलटा पुरतो; कोंब वळून वर येतो. बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलताना मग तीच मुलं मूळ कुठलं, कोंब कुठला, यावर भांडतात. ‘हात लावू नको’ ही पाटी बाकीच्या वाफ्यांना पुरे.

शिंपायला भोकं पाडलेली करवंटी. तांब्याच्या धारेनं बी उघडं पडतं.

स्वतः लावलेली भाजी मुलं आवडीनं खातात, असं म्हणतात. आमचा धाकटा माठाला अजून तोंड लावत नाही. विरळणीत उपटलेला कोवळा मुळा मात्र तो डोणीपर्यंतही नेत नाही, मातीसकट चावतो.