कुडव्याहून केदारनाथकडे

गोंदिया शहर कोठे संपते आणि आमचे कुडवा कोठे सुरू होते, हे नवख्या माणसाला सांगता येणार नाही. एका बाजूला शहराची वर्दळ, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, आणि मधल्या रस्त्यावर माझा लहानसा दवाखाना. समुद्रसपाटीपासून आमची उंची जेमतेम तीनशे मीटर. या सपाट मुलखातील माणसाला डोंगराची ओढ का असावी, याचे उत्तर मला सापडलेले नाही; पण उन्हाळा जवळ आला की दवाखान्यात रक्तदाब मोजता मोजता चारधामचा विषय हमखास निघतो.

यंदाच्या मार्चमध्ये असेच एक सेवानिवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी आल्या. गुरुजी सत्तरीचे, दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या वाहिनीत स्टेंट बसलेला. बाईंना मधुमेह आणि गुडघ्यांचा त्रास. मुलगा पुण्याला नोकरीत. यात्रेचे पैसे भरून झाले होते, आगगाडीची तिकिटे निघाली होती. खिशातून फॉर्म काढून गुरुजी म्हणाले, “तपासणीचं काही नाही डॉक्टरसाहेब, सही तेवढी करून द्या जी.”

मी फॉर्म घेतला, पण सही केली नाही. ती का केली नाही, हे सांगण्यासाठी मला तीन वर्षांहून थोडे मागे, माझ्याच घरच्या एका प्रवासाकडे जावे लागेल.

२०२३ च्या एप्रिलअखेरीस आम्ही निघालो: मी, माझी पत्नी आणि माझी आई. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तिला कसलाही आजार नव्हता, निदान मी तसे समजत होतो. जिना चढताना ती मध्ये थांबत असे. विचारले की “वय झालं आता,” म्हणे, आणि मीही ते मान्य करीत असे. परक्या रुग्णाने हेच वाक्य उच्चारले असते, तर मी त्याला तपासणीच्या टेबलावर झोपवले असते.

त्या वर्षी केदारनाथ मंदिराचे दरवाजे २५ एप्रिलला उघडले. पण वर सतत बर्फ पडत होते आणि प्रशासनाने केदारनाथसाठीची नवी नोंदणी काही दिवस थांबवली होती. ही बातमी मी वाचली होती. आमची नोंदणी आधीच झालेली असल्यामुळे ‘हे आपल्याला लागू नाही’ असा सोयीचा अर्थ मी काढला. उत्तराखंडच्या आरोग्य विभागाचे पत्रकही माझ्या फोनमध्ये होते. पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींनी, तसेच हृदयविकार, दमा, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ते पत्रक मी पाच-सहा रुग्णांना पाठवले होते. आईला मात्र तपासले नव्हते.

छत्तीसगढ एक्सप्रेसने गोंदियाहून दिल्ली, तेथून हरिद्वार. हृषीकेश सोडले की रस्ता गंगेचा हात धरून चढू लागतो. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात आणि दोन्ही पाण्यांचे रंग काही अंतर वेगळे दिसत राहतात. आईने गाडी थांबवायला लावली, हात जोडले. पुढे श्रीनगर, रुद्रप्रयाग. तेथे अलकनंदेला सोडून आम्ही मंदाकिनीच्या खोऱ्यात शिरलो. घरून निघताना अंगाची लाही होत होती. गुप्तकाशीला पोहोचलो तेव्हा आईने शाल मागितली. पाऊस बारीक पण सारखा होता.

तेथेच आम्हांला थांबवण्यात आले. मेचा पहिला आठवडा होता. वर हिमवृष्टी, पायवाटेवर बर्फाचे कडे घसरलेले. प्रशासनाने यात्रेकरूंना जेथे असतील तेथेच थांबण्यास सांगितले होते. हॉटेलच्या व्हरांड्यात कोणी चिडलेले, कोणी परतीच्या तिकिटांची तारीख मोजत बसलेले. मीही मोजत होतो. आमच्याकडे फक्त एक दिवस शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वेळ घालवायचा म्हणून, आईला घेऊन मी आरोग्य तपासणीच्या एका शिबिरात गेलो. तेथील डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा असावा. त्याने रक्तदाब मोजला : १८० आणि १००. मग स्टेथोस्कोप आईच्या छातीवर ठेवून तो बराच वेळ ऐकत राहिला. मी डॉक्टर आहे हे त्याला कळले होते. अत्यंत अदबीने त्याने विचारले, “सर, माताजी का ईको कब हुआ था?”

मी काहीच उत्तर देऊ शकलो नाही. त्याने स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला. हृदयाच्या झडपेतून रक्त अडखळत जाताना जो आवाज येतो, तो मी पहिल्यांदा माझ्या आईच्या छातीत ऐकला, तोही घरापासून इतक्या दूर.

यात्रा दोन दिवसांनी पुन्हा सुरू झाली, पण आमच्यासाठी ती तेथेच संपली होती. आई रागावली. “एवढ्या जवळ येऊन पाठ फिरवायची का?” एवढेच म्हणून ती दिवसभर बोलली नाही. हॉटेलच्या म्हाताऱ्या व्यवस्थापकाने तोड सुचवली. गुप्तकाशीसमोर, मंदाकिनीच्या पलीकडच्या डोंगरउतारावर उखीमठ आहे. हिवाळ्यात केदारनाथाचे दरवाजे बंद होतात, तेव्हा देवाची उत्सवमूर्ती पालखीतून खाली येते आणि सहा महिने उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात तिची पूजा होते. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. उखीमठ सुमारे तेराशे मीटरवर, आणि तेथे वाहनाने जाता येते. आम्ही आईला घेऊन गेलो. ती मंदिराच्या दगडी अंगणात तासभर बसली. निघताना म्हणाली, “देव हिवाळ्यात इथं येतो, तर आपणही यायचं होतं हिवाळ्यातच.” तिचा राग तेथे गेला. मी मात्र माझ्यावरचा राग घेऊन परतलो.

गोंदियात इको केला. महाधमनीच्या झडपेचा मध्यम स्वरूपाचा अरुंदपणा निघाला. नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आज आई ठीक आहे. गौरीकुंडपासूनची सोळा किलोमीटरची चढण तिने चढली असती, किंवा घोड्यावरून गेली असती, तर काय झाले असते, हा प्रश्न मी आता विचारीत नाही. पण त्या दिवसापासून शासकीय पत्रक वाचण्याची माझी पद्धत बदलली.

पहिली गोष्ट ही की, सूचना कोणत्या भागासाठी आहे ते नेमके पाहावे. ‘उत्तराखंडात पाऊस’ या बातमीवरून काही ठरवता येत नाही. केदारनाथ रुद्रप्रयाग जिल्ह्यात, बद्रीनाथ चमोलीत, गंगोत्री व यमुनोत्री उत्तरकाशीत येतात. हवामान विभागाचा इशारा जिल्हावार असतो. हिरवा म्हणजे निश्चिंत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर नारिंगीलाच लाल समजावे. तरुणाला डोंगरात अडकून पडलेली रात्र गैरसोयीची असते, इन्सुलिन घेणाऱ्या आजीला ती धोक्याची असते.

दुसरी गोष्ट, सूचनेची भाषा कशी बदलते आहे ते पाहावे. याचे उदाहरण पहाडातले नाही, पण आपल्याकडच्या अनेक घरांना आठवत असेल. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्हमधील भारतीय दूतावासाने युक्रेनमधील भारतीयांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, राहणे आवश्यक नसल्यास तात्पुरते देश सोडण्याचा ‘विचार करावा’ असे कळवले. २० तारखेच्या सूचनेत ‘देश सोडावा’ असा थेट सल्ला होता. २४ तारखेला युद्ध सुरू झाले. ‘विचार करावा’ पासून ‘सोडावा’ पर्यंतचे अंतर पाच दिवसांचे होते. एखाद्या आठवड्यात सूचना कडक होत असेल, तर आजच्या शब्दांपेक्षा ती कोणत्या दिशेने चालली आहे हे महत्त्वाचे. नातवंडे परदेशी असतील त्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट ऋतूची. १६ आणि १७ जून २०१३ चा केदारनाथचा महापूर, ३१ जुलै २०२४ च्या रात्री त्याच पायवाटेवर झालेली अतिवृष्टी, ५ ऑगस्ट २०२५ ला गंगोत्रीच्या वाटेवरील धराली गावावर कोसळलेला लोंढा : या तिन्ही तारखा पावसाळ्यातल्या आहेत. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ज्येष्ठांनी हा प्रवास टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. केदारनाथाचे दरवाजे भाऊबीजेपर्यंत उघडे असतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ तुलनेने बरा, फक्त थंडी अधिक.

चौथी आणि डॉक्टर म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपले शरीर. केदारनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी. हेलिकॉप्टरने गेलो म्हणजे प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटते. हेलिकॉप्टर पायांचे श्रम वाचवते, विरळ हवा वाचवत नाही. उलट काही मिनिटांत शरीर वर पोहोचते आणि त्याला जुळवून घेण्यास वेळच मिळत नाही. म्हणूनच उत्तराखंडचा आरोग्य विभाग यात्रेसाठी किमान सात दिवस ठेवण्यास सांगतो. निघण्याच्या काही आठवडे आधीपासून रोज वीस ते तीस मिनिटे चालणे, पाच-दहा मिनिटे श्वसनाचा व्यायाम, आणि वाटेत दर तासाला थोडी विश्रांती, हेही त्याच पत्रकात आहे.

माझ्या दवाखान्यातला नियम त्याहून साधा आहे. सपाट रस्त्यावर अर्धा तास आणि दोन मजल्यांचा जिना न थांबता, छातीत न दुखता, धाप न लागता चढता आला पाहिजे. ते जमत नसेल तर आधी तपासणी, मग तिकीट. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी, बसल्या जागी धाप लागणाऱ्यांनी व डायलिसिसवरील रुग्णांनी तज्ज्ञाच्या परवानगीशिवाय जाऊच नये. औषधे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत आणि इन्सुलिन थंडीत गोठू नये म्हणून अंगावरील कपड्यांच्या आत बाळगावे. उंचीवर जाण्यापूर्वी घ्यायची जी गोळी प्रवासी एकमेकांना सुचवतात, ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. सल्फा औषधांची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ती त्रासदायक ठरू शकते. वर डोके दुखू लागले, मळमळ झाली तर चढणे थांबवावे. विश्रांती घेऊनही धाप कमी होत नसेल, बोलण्यात किंवा चालण्यात गोंधळ होत असेल, तर उजाडण्याची वाट न पाहता खाली उतरावे आणि १०८ ला कळवावे.

आणि शेवटची गोष्ट पैशांची. गुप्तकाशीच्या व्हरांड्यात बसलेल्या बहुतेकांना धोका कळत होता. पण परतीचे तिकीट दुसऱ्या दिवसाचे होते आणि भरलेले पैसे परत मिळणार नव्हते. धोका पत्करण्याचे खरे कारण अनेकदा भक्ती नसते, तिकीट असते. म्हणून परतीच्या आधी दोन मोकळे दिवस ठेवावेत. प्रशासनाने यात्रा थांबवली तर पैशांचे काय, हे यात्रा कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे. आणि परत फिरण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हे घरूनच ठरवून निघावे. तेथे पोहोचल्यावर म्हातारी माणसे ‘नाही’ म्हणत नाहीत, आणि मुलांना म्हणवत नाही.

हे सारे मी गुरुजींना सांगितले, आईची गोष्ट धरून. ते बराच वेळ गप्प होते. मग बाईच म्हणाल्या, “अहो, मला तर त्या घोड्याचीच भीती वाटते जी.” इतके दिवस त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. मी पुण्याला मुलाला फोन लावला. गुरुजींचा इको आणि ताणचाचणी होऊन अहवाल आल्यावर, तो चांगला असेल तर ऑक्टोबरमध्ये गुरुजी मुलाबरोबर केदारनाथ करतील. नसेल तर दोघेही हिवाळ्यात उखीमठला जातील, असे ठरले. गंगोत्रीची गादी हिवाळ्यात मुखबा गावी, यमुनोत्रीची खरसालीला असते, हे ऐकून त्यांनी ती नावे वहीत लिहून घेतली. फॉर्म अजून माझ्या खणात आहे, कोरा.

आई सोमवारी येथून जवळच असलेल्या नागऱ्याच्या महादेवाला जाते. पूर्वी पायी जात असे. आता मी गाडीने नेतो. गाभाऱ्यातून बाहेर आली की ती पायरीवर बसते आणि मी तिची नाडी पाहतो. पहिल्यांदा तिने हात ओढून घेतला होता. आता स्वतःच पुढे करते.